४०५ नॅनोमीटर लेझर किट: कामाच्या नोंदी

४ जानेवारी

किट आलं. सगळं टेबलावर मांडून मोजून घेतलं. ५.६ मिमीच्या कॅनमधला जांभळा लेझर डायोड एक, १२ मिमीचं पितळी मॉड्यूल, स्प्रिंगवाली काचेची लेन्स, ड्रायव्हरची (डायोडला ठराविक करंट देणाऱ्या सर्किटची) पीसीबी, त्यावर लावायचे सुटे पार्ट (एलएम३१७ ही रेग्युलेटर चिप, एक २२ ओहमचा रेझिस्टर, १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, स्विच, वायरी) आणि लाल प्लॅस्टिकचा एक गॉगल. माहितीच्या कागदावर डायोडचं रेटिंग २० मिलिवॉट, चालायचा करंट साधारण ४५ मिलिअँप.

गॉगल हातात घेऊन उलटा-पालटा करून बघितला, कुठेच काही लिहिलेलं नाही. कुठल्या वेव्हलेंथला किती ओडी (गॉगल उजेड किती अडवतो त्याचा आकडा), काहीच नाही. लेझरचा गॉगल म्हणजे त्यावर आकडे हवेतच, नाहीतर तो नुसता रंगीत चष्मा. म्हणून आधीच ठरवून टाकलं की आकडे असलेला गॉगल येईपर्यंत उघड्यावर लेझर लावायचा नाही. ऑर्डर टाकली, १९० ते ४९० नॅनोमीटर, ओडी ५. ओडी ५ म्हणजे एक लाखातला एक भाग पलीकडे जातो.

हे सगळं कशासाठी, तर मला अंधारात चमकणाऱ्या शीटवर लेझरने रेघा काढायच्यात. लाल लेझर त्या शीटवर कितीही फिरवला तरी काही होत नाही, जांभळ्याने मात्र हिरवी रेघ उमटते आणि मागे राहते. मित्राकडे एकदा बघितलं होतं, तेव्हापासून डोक्यात आहे. मित्रानेही हेच किट मागवलंय, दोघं बरोबरच बांधतोय.

६ जानेवारी

आज हत्यार हातात घेतलं नाही, नुसतं वाचन.

४०५ हाच आकडा का, तर ब्लू-रे. सीडीला ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीला ६५०, ब्लू-रेला ४०५. वेव्हलेंथ जितकी लहान तितका ठिपका लहान करता येतो, त्यात ब्लू-रेच्या लेन्सचं न्यूमरिकल अ‍ॅपर्चर ०.८५ (लेन्स किती रुंद कोनातून उजेड गोळा करते त्याचा आकडा), म्हणून एका थरात २५ जीबी बसतात, डीव्हीडीत ४.७. त्या ड्राइव्हसाठी हे डायोड ढिगाने बनायला लागले आणि मग हौशी लोक जुने ड्राइव्ह फोडून ते काढायला लागले, किट त्यानंतरची. मुळात असा डायोड बनतो हेच मोठं काम होतं, गॅलियम नायट्राइडचे चांगले क्रिस्टल वाढवणं जमत नव्हतं आणि बऱ्याच जणांनी नाद सोडला होता. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरांनी निळा-जांभळा लेझर डायोड चालवून दाखवला. २०१४ चं फिजिक्सचं नोबेल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना मिळालं, ते निळ्या एलईडीसाठी, पण मटेरियल तेच. माझ्या टेबलावर मोहरीएवढ्या काचेमागे जो तुकडा आहे त्याच्यामागे एवढं सगळं आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. डोळ्याची संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरला सगळ्यात जास्त, ती १ धरली तर ६५० च्या लालला ०.१ च्या आसपास आणि ४०५ ला ०.०००६ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच मिलिवॉटचा जांभळा ठिपका लालपेक्षा दीडशे पट मंद दिसणार. पण डोळ्यात शिरणारी एनर्जी तेवढीच. उलट जांभळ्या-निळ्याचं रेटिनाला होणारं फोटोकेमिकल नुकसान वेगळं, ते दुखत नाही, लगेच कळत नाही आणि साठत जातं. लेझरच्या धोक्याच्या वर्गवारीत क्लास २ ची मर्यादा १ मिलिवॉट ठेवलीय ती माणूस पाव सेकंदात डोळे मिटेल या हिशोबाने. माझा डायोड २० मिलिवॉटचा, म्हणजे क्लास ३बी, तिथे पापणीच्या भरवशावर राहून चालणारच नाही. आणि ठिपका मंद दिसतोय म्हणून माणूस जरा जास्तच वेळ बघत बसतो, खरी भीती मला त्याचीच वाटते.

वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं: डोळ्यावर जाऊ नको, मीटरवर जा.

११ जानेवारी

ड्रायव्हर सोल्डर केला. सर्किट सोपं आहे, एलएम३१७ आपल्या आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट पिनमध्ये १.२५ व्होल्ट धरून ठेवतो, मध्ये रेझिस्टर टाकला की करंट १.२५ भागिले ओहम. किटमधला २२ ओहम लावला तर ५७ मिलिअँप होतात आणि डायोडला ४५ लागतात. किटवाल्यांनी ठिपका जास्त उजळ दिसावा म्हणून असं केलं असणार, मला दुसरं कारण दिसत नाही. तो काढून २७ ओहम फिक्स आणि त्याच्याशी सिरीजमध्ये ५० ओहमचा मल्टिटर्न ट्रिमपॉट (फिरवून ओहम कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर) टाकला. आता ट्रिमपॉट कुठेही फिरवला तरी करंट १६ ते ४६ च्या मध्येच राहणार. नुसता ट्रिमपॉट लावणारे लोक बघितलेत, तो चुकून शून्यावर गेला की एलएम३१७ दीड अँपपर्यंत सोडू शकतो आणि डायोड जागच्या जागी खलास. फिक्स रेझिस्टर हवाच, यात वादच नको.

व्होल्टेजचा हिशोब पण केला. डायोडवर ५ व्होल्टच्या आसपास, रेझिस्टरवर १.२५, एलएम३१७ ला स्वतःला दीड-दोन, म्हणजे सव्वाआठ तरी हवेत. ९ व्होल्टची बॅटरी जरा उतरली की करंट ढासळणार. म्हणून १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर.

डमी लोड बनवला: १एन४००७ चे सहा साधे डायोड सिरीजमध्ये आणि शेवटी १ ओहमचा रेझिस्टर. सहा डायोड मिळून पावणेपाच व्होल्टच्या आसपास पडतात म्हणजे ड्रायव्हरला वाटतं लेझरच जोडलाय, आणि १ ओहमवर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँप, गुणाकार-भागाकार काही नको. ट्रिमपॉट पूर्ण फिरवून १६.३ ते ४६.१ आले. अर्धा तास चालू ठेवला, आकडा हलला नाही. समाधान वाटलं.

१२ जानेवारी

डायोड मॉड्यूलमध्ये दाबला. व्हाइसमध्ये, मऊ लाकडाचे जबडे लावून, मागून एक पोकळ नळी घेतली, तिने फक्त कडेच्या चकतीवर जोर द्यायचा, पुढच्या काचेला काही टेकता कामा नये. एका बाजूने तिरका जायला लागला की थांबायचं, मागे घ्यायचं, सरळ करायचं. वीस मिनिटं लागली पण छान सपाट बसला. मनगटाला अर्थिंगचा पट्टा होता, सोल्डरिंग आयर्नचं टोक अर्थ केलेलं, कारण हे डायोड स्टॅटिकने पटकन जातात.

उजेड बघायचा नाही, पण करंट तरी बघू म्हणून मॉड्यूल झाकणाच्या टिनच्या डब्यात तोंड आत करून ठेवलं, झाकणावर वीट, वायरी भोकातून बाहेर. ड्रायव्हर चालूच होता, डमी लोडचे क्लिप काढले आणि तेच डायोडच्या वायरींना लावले. ४५ मिलिअँप. एकदम स्थिर. बंद केलं, डबा तसाच ठेवून दिला. गॉगल यायची वाट.

२५ जानेवारी

गॉगल आला. पिवळसर नारिंगी, काचेवरच छापलंय १९०-४९० आणि ओडी ५+. दार आतून लावलं, बाहेर पाटी, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवलं, चिमटे-स्क्रूड्रायव्हर असलं चकचकीत सगळं टेबलावरून हटवलं. मॉड्यूल क्लॅम्पमध्ये आडवं, उंची बसल्यावरही उभं राहिल्यावरही डोळ्याच्या बरीच खाली, समोर खडबडीत वीट आणि विटेला टेकवून पिवळ्या हायलायटरने रंगवलेलं कार्ड. गॉगलमधून जांभळा दिसणारच नाही, पण हायलायटरचा चमकणारा पिवळा-हिरवा दिसतो, म्हणून हे कार्ड.

१६ मिलिअँपला लावला, मग हळूहळू वर नेला. २५, ३०, ३५, ४६. कार्डवर नुसती फिकट पसरलेली चमक. ठिपका नाही, बीम नाही. लेन्स आत-बाहेर केली, तरी काही नाही.

डायोड गेलेला आहे. करंट व्यवस्थित घेतोय, व्होल्टेजही पडतंय, पण लेझर होत नाही, साध्या एलईडीसारखा मिणमिणतोय. म्हणजे १२ तारखेला डब्यात ४५ मिलिअँप बघून मी खूश झालो होतो तेव्हाच तो मेलेला होता आणि दोन आठवडे मला पत्ता नव्हता. फार वाईट वाटलं.

२६ जानेवारी

रात्री मित्राशी बोललो. सगळं सांगितलं तर त्याने एकच प्रश्न विचारला, "अरे क्लिप काढले तेव्हा ड्रायव्हर बंद केला होतास का?"

तेच कारण. ड्रायव्हर कॉन्स्टंट करंट आहे, लोड काढला की त्याला करंट ढकलायला जागाच नाही, मग तो व्होल्टेज वाढवत वाढवत साडेदहाच्या आसपास जाऊन बसतो आणि आउटपुटचा १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तेवढा भरतो. मग मी डायोड लावला. डायोडला हवेत ५ व्होल्ट, समोर भरलेला कपॅसिटर साडेदहाला, तो सगळा जास्तीचा चार्ज काही मायक्रोसेकंदांत डायोडमधून गेला, म्हणजे अँपच्या घरातला झटका. रेग्युलेटरला यात मध्ये पडायला वेळच नाही, कपॅसिटर त्याच्या पुढे आहे. नंतर मीटर बघेपर्यंत सगळं शांत, ४५.

झटक्याने नेमकं काय जातं तेही वाचलं. लेझरचा उजेड बाहेर पडतो ती क्रिस्टलची कड साधारण एक-दोन मायक्रॉनची. २० मिलिवॉट ऐकायला किरकोळ, पण तो एका चौरस मायक्रॉनमधून निघतो म्हणजे चौरस सेंटिमीटरला २० लाख वॉट झाले. नेहमीच चालताना ती कड इतक्या काठावर असते. जरा जास्त उजेड झाला की कडच वितळते, आरसा खराब, मग आत उजेड तयार होतो पण मागे-पुढे परतत नाही, लेझर संपला, एलईडी राहिला.

बदल केले. कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचा केला आणि त्याला समांतर १० किलोओहम, म्हणजे बंद केल्यावर लगेच रिकामा होतो (त्या रेझिस्टरमधून अर्धा मिलिअँप जातो, तो हिशोबात धरायचा). डायोडला उलटा एक १एन४००७, उलट व्होल्टेज आलं तर वाचवायला, कारण उलट दिशेने हे डायोड दोन व्होल्टच्या आसपासच सहन करतात. आणि डायोडच्या पायांवर एक शॉर्टिंग क्लिप, ती सगळं सोल्डर होऊन सप्लाय शून्यावर असतानाच काढायची. क्लिप बदलून टेस्टिंग यापुढे बंद, डायोड एकदा सोल्डर झाला की झाला.

नवीन डायोड दोन मागवले.

१ फेब्रुवारी

दुसरा डायोड बसवला, नवीन पद्धतीने. गॉगल, पाटी, वीट, सगळं तसंच.

२८ मिलिअँपपर्यंत कार्डवर तीच फिकट चमक, छातीत धडधड, मग २९ च्या पुढे जरासं फिरवलं आणि चमकेच्या मधोमध एक आडवी लांबट पट्टी उठून आली. थ्रेशोल्ड! तो क्षण लिहून सांगता येत नाही, एका मिलिअँपच्या फरकात पसरलेला उजेड एकदम शिस्तीत येतो. लेन्स फिरवत गेलो तशी पट्टी लहान होत टोकदार ठिपका झाली. गोल नाही, लंबवर्तुळ, कारण डायोडची कड एका दिशेला खूपच बारीक आणि बारीक दिशेलाच उजेड जास्त पसरतो.

लेन्सच्या आट्यांमध्ये खेळ आहे, हात लागला की फोकस हलतो. मी सिलिकॉन सीलंटचा थेंब लावणार होतो, मित्राने थांबवलं, सिलिकॉनमधून वाफ निघत राहते आणि या वेव्हलेंथला ती काचेवर जिथे बीम आहे नेमकं तिथेच चिकटून पांढरट थर बसतो. त्याऐवजी पाइपला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप एक वेढा. घट्ट बसली.

२ फेब्रुवारी

मित्राचा पॉवर मीटर आणला, फोटोडायोडवाला. करंट वाढवत पॉवर लिहीत गेलो. ३० ला ०.५, ३५ ला २.६, ४० ला ४.८, ४५ ला ७. सरळ रेघ आली, सुंदर. फक्त आकडे फारच कमी, २० मिलिवॉटच्या डायोडला ४५ मिलिअँपला ७ मिलिवॉट? वाटलं हाही अर्धा मेलाय की काय. हात ट्रिमपॉटकडे गेलाच होता, २७ ओहम काढून २२ लावू का असंही मनात आलं.

लावला नाही ते बरं झालं. मीटरच्या सेटिंगमध्ये वेव्हलेंथ ६५० होती. मित्र आधी लाल डायोडवर काम करत होता. सिलिकॉनचा फोटोडायोड जांभळ्याला लालपेक्षा खूपच कमी करंट देतो, मीटर वेव्हलेंथ बघून त्याची भरपाई करतो, आणि आपण चुकीची वेव्हलेंथ सांगितली की तो बिनदिक्कत चुकीचा आकडा दाखवतो. ४०५ केलं आणि परत घेतलं:

३० मिलिअँप – १.१ मिलिवॉट
३५ – ६.०
४० – ११.१
४५ – १६.२

थ्रेशोल्डच्या पुढे दर मिलिअँपला साधारण एक मिलिवॉट. डायोड ठणठणीत आहे. आणि मी ७ समजून १६ मिलिवॉटसमोर बसलो होतो. गॉगल होता म्हणून फरक पडला नाही, पण हेच ७ धरून करंट वाढवला असता तर डायोडही गेला असता. पहिल्या पानावरच्या ओळीखाली अजून एक ओळ लिहिली: मीटरला आधी वेव्हलेंथ सांग.

नेहमीचा करंट ४० ठरवला. कामाला ११ मिलिवॉट पुरेत आणि डायोडवर ताण नाही.

३ फेब्रुवारी

मीटर हातात आहे तर किटमधला लाल गॉगल तपासून टाकला. स्वतः चांगला गॉगल घातलेला, लेझर ५.० मिलिवॉटवर, लाल गॉगल क्लॅम्पमध्ये मीटरच्या पुढे. मीटर म्हणतो ०.९. म्हणजे पाचातला जवळजवळ एक भाग आरपार. ओडी काढला तर ०.७५ सुद्धा भरत नाही. पूर्ण पॉवरला त्याच्यातून तीन मिलिवॉट डोळ्यात गेले असते, आणि वर तो काळोख करतो म्हणून डोळ्याची बाहुली मोठी झालेली. चांगला गॉगल त्याच जागी धरला तर मीटर शून्य.

असा गॉगल नसता दिला तर जास्त सुरक्षित होतं असं माझं ठाम मत आहे, नसेल तर माणूस सावध तरी राहतो. लाल गॉगल कात्रीने दोन तुकडे करून टाकला, नाहीतर कधीतरी कोणीतरी तो उचलून घालणार. मित्रालाही त्याचा तपासायला सांगितलं, त्याचा आकडा जवळपास तोच.

८ फेब्रुवारी

मित्राचा फोन, म्हणे "माझा तुझ्यापेक्षा खूप उजळ आहे, तुझा काल बघितला तर दिसतच नव्हता." दोघांचे डायोड एकच, करंट एकच. तो माझ्याकडे मॉड्यूल घेऊन आला, मीटरवर लावले, माझा ११.१, त्याचा १०.४. त्याचा कमीच.

फरक कशावर पाडतोय त्याचा होता. तो प्रिंटरच्या पांढऱ्या कागदावर बघत होता, मी विटेवर. प्रिंटरच्या कागदात उजळपणासाठी ब्राइटनर असतो, तो ४०५ खातो आणि ४४० च्या आसपासचा निळा बाहेर टाकतो. त्या निळ्याला आपला डोळा कितीतरी जास्त बघतो. म्हणजे कागदावर जो ठसठशीत निळसर-पांढरा ठिपका दिसतो तो लेझर नाहीच, कागदाचा उजेड आहे. विटेवरचा मंद जांभळा, तो खरा लेझर.

मग संध्याकाळभर दोघांनी थ्रेशोल्डच्या जरासं वर, अर्ध्या मिलिवॉटवर ठेवून हाताला लागेल ते बीमसमोर धरून बघितलं, ठिपका फक्त खडबडीत किंवा मॅट गोष्टीवर, काच-आरसा-चकचकीत काही नाही. फिल्टर पेपरवर मंद. पांढऱ्या शर्टवर, साबणातल्या ब्राइटनरमुळे, निळा लख्ख. झाडाचं पान स्पिरिटमध्ये कुस्करून गाळलं, ते हिरवं पाणी लेझरखाली रक्तासारखं लाल, क्लोरोफिलचं फ्लोरोसन्स, बाटलीतून बीमची लाल रेघ जाताना दिसते. बी२ ची गोळी पाण्यात विरघळवली तर पिवळा-हिरवा. एकच लेझर, तेवढाच करंट, आणि प्रत्येक गोष्ट आपलाच रंग सांगते. क्लोरोफिल सोडलं तर लाल लेझरने यातलं काहीच होत नाही, त्याच्या फोटॉनमध्ये तेवढा जोर नाही. मला जांभळा आवडतो तो ह्याच्यासाठी, त्याच्या स्वतःच्या रंगासाठी नाही.

९ फेब्रुवारी

फोकसचा घोळ सुटला. दोन मीटरवर अर्ध्या मिलिवॉटला भिंतीवरचा ठिपका नुसत्या डोळ्याने कायम धुरकट दिसायचा, लेन्स कितीही फिरवली तरी कडा येत नव्हत्या, लेन्सच खराब म्हणून मी बदलायच्या विचारात होतो. त्याच जागी हायलायटरचं कार्ड धरलं तर ठिपका रेखीव! लेन्स ठीक आहे, डोळा नाही. आपल्या डोळ्याची लेन्स जांभळा उजेड हिरव्या-पिवळ्याच्या बराच आधी फोकस करते, दीड-दोन नंबरचा चष्मा लागल्यासारखा फरक पडतो, म्हणून लांबचा जांभळा ठिपका सगळ्यांनाच पुसट दिसतो. यापुढे फोकस फक्त कार्डवर.

१५ फेब्रुवारी

वेव्हलेंथ मोजली. मिलिमीटरला ५०० रेघांची ग्रेटिंग (बारीक रेघांची पट्टी, ती उजेड वेव्हलेंथप्रमाणे वळवते), पडदा १ मीटरवर, डाव्या-उजव्या पहिल्या ठिपक्यांमधलं अंतर ४१६ मिमी, अर्धं २०८. हिशोब करून ४०७ नॅनोमीटर. पट्टीने मिलिमीटरची चूक झाली तर एक नॅनोमीटर इकडे-तिकडे. कागदावर ४०० ते ४१० लिहिलंय, त्यात बसतो.

२२ फेब्रुवारी

पेटी. गेला आठवडाभर संध्याकाळी हेच काम. प्लायवुडची, आतून मॅट काळा रंग, झाकणाला मायक्रोस्विच, झाकण उघडलं की सप्लाय तुटतो. पुढे किल्लीचा स्विच, किल्ली माझ्याकडे, आणि चालू असताना पेटणारा एक हिरवा एलईडी. क्लास ३बी च्या यंत्राला किल्ली, इंटरलॉक आणि दिवा लागतात ते उगाच नाही, डब्याबाहेरून बघून आत चालू आहे की नाही हे जांभळ्याच्या बाबतीत कळतच नाही.

मायक्रोस्विच आधी डायोडच्या वायरीत टाकला होता, सोल्डर करता करता लक्षात आलं की झाकण उघडलं की पुन्हा तेच, ड्रायव्हर उघडा, कपॅसिटर भरलेला, झाकण लावलं की झटका. १२ जानेवारी परत घडवून आणणार होतो. काढून सप्लायच्या बाजूला, अ‍ॅडॉप्टर आणि ड्रायव्हरच्या मध्ये टाकला. आता उघडलं की ड्रायव्हरच झोपतो.

आत दोन छोटे सर्व्हो (हव्या त्या कोनात फिरणाऱ्या मोटरी) एकावर एक, वरच्याला लेझर मॉड्यूल. खाली चमकणारी शीट, स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेटची.

पुतणी बघायला आली होती, म्हणाली "काका, एकदा झाकण उघडं ठेवून दाखव ना." नाही म्हटलं. पेटीला बाजूने एक खिडकी करतो आणि त्यावर गॉगलच्याच रेंजचा अ‍ॅक्रिलिक फिल्टर बसवतो असं कबूल केलं. फिल्टर आकडे छापलेलाच घेणार आणि मीटरसमोर धरूनच बसवणार.

१ मार्च

खिडकी बसली. फिल्टर मीटरसमोर ११ मिलिवॉटला शून्य. तरी पुतणीला गॉगल घालायला लावलाच, मीही घातला.

खोलीत अंधार केला. किल्ली फिरवली, हिरवा दिवा लागला. आत काहीच दिसत नाही, लेझर चालू आहे पण फिल्टर आणि गॉगलच्या अलीकडे जांभळं काही येत नाही. सर्व्हो चालू केले. काळ्या पेटीत शीटवर एक हिरवी रेघ आपली आपण पुढे सरकायला लागली, कोण काढतंय ते दिसत नाही, नुसती रेघ वाढतेय. स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेटचा उजेड ५२० नॅनोमीटरच्या आसपास, तो फिल्टरमधून येतो. चौकोन काढायला सांगितला होता, कोपरे जरा गोल आले, सर्व्हो थांबताना थरथरतात तिथे रेघ जाड झाली. पुतणीने तिच्या नावाचं पहिलं अक्षर सांगितलं, ते दोनदा फसलं, तिसऱ्यांदा वाचता आलं.

लेझर बंद करून झाकण उघडलं, गॉगल काढले. अक्षर तसंच होतं. दहा मिनिटांनी फिकट झालं तरी ओळखू येत होतं. रेघेची जाडी पट्टीने १.२ मिमी, कोपऱ्यावर २. ट्रिमपॉट ४० वरच आहे. पुढच्या वेळी सर्व्होचा वेग कोपऱ्याआधी कमी करून बघायचाय.